मृणालला पत्र : गेम बेसेडवर सोडू नकोस

कोल्हापूर
रविवार रात्र

प्रिय मृणाल,

तुझं पत्र काल आलं आणि आज सगळी आवराआवर झाल्यावर उत्तराला बसले आहे. सेलमध्ये ‘फायनल फँटसी टेन’ या आपल्या जुन्या व्हिडिओ गेमचा रिमास्टर (नव्याने उजळलेली आवृत्ती) घेतलास, सुरुवातीच्या बेसेड बेटापर्यंत पोचलीस आणि नायकाकडे बघून ‘हा टिडस आपला नव्हेच’ म्हणून बंद करून टाकलास. त्यावर लोकांची मतं वाचत बसलीस. एक म्हणतो, इतका देखणा हा गेम कधी दिसलाच नव्हता. दुसरा म्हणतो, पार वाटोळं केलं. मग मला विचारलंस, ‘तू सांग, पुढे खेळू की पैसे पाण्यात गेले समजू?’

खेळ. पण चेहऱ्याबद्दल तक्रार करणारे चूक आहेत असं मी तुला सांगणार नाही. ते बरोबरच आहेत.

पीएसटूवर, म्हणजे जुन्या प्लेस्टेशन टूवर, मुख्य पात्रांची दोन-दोन मॉडेल असायची. एक साधं, चालण्याफिरण्यापुरतं. दुसरं जास्त बारकाव्यांचं, कॅमेरा जवळ येणाऱ्या प्रसंगांसाठी. आपल्याला तेव्हा हे माहीत नव्हतं, पण मोठा प्रसंग आला की चेहरे एकदम जिवंत व्हायचे ते त्यामुळे. २०१३ च्या डिसेंबरमध्ये जपानात पीएसथ्री आणि व्हिटा या हातात धरायच्या कन्सोलवर रिमास्टर आला तेव्हा मुख्य पात्रांची मॉडेल नव्याने बांधली होती. केस, कपडे, नायिका युनाच्या बाह्यांवरची नक्षी, सगळं नितळ झालं. पण चेहऱ्यावरचे भाव काही ठिकाणी पातळ झाले. डोळे मोठे, टपोरे, आणि तोंड हललं तरी कपाळ जागचं हलत नाही. ‘बाहुलीसारखा’ हा शब्द जगभरच्या खेळाडूंनी वापरला आणि मला तो पटतो.

लुका शहरातला प्रसंग आठवतोय तुला? गावंच्या गावं उद्ध्वस्त करणारा राक्षस सिन म्हणजे आपलाच बाप, हे टिडसला सोबतच्या ऑरॉनकडून नुकतंच कळलंय. त्याला धड उभंही राहवत नाहीये. अशात युना त्याला हसायला सांगते, कारण दुःख झालं की हसायचं हे तिने स्वतःला लावून घेतलंय. तो ओढून-ताणून, मुद्दाम मोठ्याने हसतो. तीही हसते. मग दोघांना खरंच हसू फुटतं आणि मागे उभी असलेली मंडळी काळजीने बघत राहतात. हा प्रसंग कापून, मागचं-पुढचं काही न दाखवता, लोकांनी वर्षानुवर्षं टिंगलीसाठी फिरवला. ज्यांनी गेम खेळलाय त्यांना त्यात किती केविलवाणेपण आहे ते ठाऊक आहे. आता हे खोटं हसू खोटं आहे हे समजायचं तर ते चेहऱ्यावरच समजायला हवं ना! जुन्या टिडसच्या भुवया आणि आवाज एकमेकांना सोडून चालत, त्या फरकातून कळायचं. नव्यात आवाज तोच, पण चेहरा मदतीला येत नाही. होममध्ये, अल भेड लोकांच्या त्या जळत्या घरात, सिनला संपवायला झानारकँडकडे निघालेल्या युनाचा प्रवास तिच्या मरणाशी संपणार आहे हे टिडसला सगळ्यांत शेवटी कळतं तेव्हाही मला हेच जाणवलं. आपण तिला ‘चल, लवकर झानारकँड गाठू’ म्हणत होतो हे आठवून तो कोलमडतो. आवाजाने माझ्या पोटात खड्डा पडला. चेहऱ्याकडे बघितलं तर तो निम्म्यावरच थांबलेला.

तर तक्रार खरी आहे. ती जुन्या आठवणींचे उमाळे म्हणून बाजूला सारणाऱ्यांचा मला राग येतो.

मात्र ‘मूळ होतं तेच हवं’ असा हट्ट धरणाऱ्यांना मी एक विचारेन, कोणतं मूळ? तुझ्या काकांनी मस्कतहून आणलेला तो पीएसटू आठव. आपली डिस्क युरोपातली होती. वर-खाली जाड काळ्या पट्ट्या, मधे दाबून बसवलेलं चित्र, आणि सगळं किंचित मंद. आपण त्यालाच स्पायरा, म्हणजे या गेममधलं जग, समजत होतो! जपानी आणि अमेरिकी खेळाडूंनी जो गेम पाहिला तो आपण कधी पाहिलाच नाही. उलट आपल्याला एक गोष्ट आधी मिळाली होती. बेसेडला परत गेल्यावर गावाच्या तोंडाशी डार्क व्हॅलेफोर वाट अडवून उभा राहायचा आणि आपली अख्खी टोळी झोपवायचा. हे डार्क ईऑन, म्हणजे जास्तीचे महाबलाढ्य शत्रू, जपानच्या ‘इंटरनॅशनल’ नावाच्या आवृत्तीतले. ते युरोपच्या डिस्कवर आले, पण अमेरिकेतल्या पीएसटूवर नव्हते. तिकडच्या लोकांना ते बारा-तेरा वर्षांनी, थेट रिमास्टरमध्ये भेटले. पात्रांची ताकद वाढवायच्या एक्स्पर्ट स्फिअर ग्रिड या तक्त्याचंही तसंच. त्यामुळे अमेरिकेतला खेळाडू ‘केवढी भर घातलीय’ म्हणतो आणि आपल्याला वाटतं, यात नवं काय. एकाच रिमास्टरबद्दल लोक इतके वेगळे का बोलतात याचं निम्मं उत्तर मला यात दिसतं. प्रत्येकाची तुलना ज्याच्या-त्याच्या डिस्कशी चाललेली असते.

आणि तुलना करायला काहीच नसलेले लोकही आहेत. माझा भाचा सुट्टीत आला होता, त्याला मी हाच रिमास्टर लावून दिला. त्याने टिडसच्या चेहऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण किलिकाच्या बंदरावर एका बाईशी बोलून झाल्यावर तो म्हणाला, ‘मावशी, ही अशी का दिसते? बाकीचे वेगळ्या गेममधले आहेत का?’ अगदी नेमकं बोलला! मुख्य माणसं नवी घडवली, गावकरी बहुतेक तसेच ठेवले. युना उजळ, रेखीव, आणि तिच्यासमोर नमस्कार करून उभा असलेला म्हातारा मात्र २००१ सालातला. ज्या गेममध्ये हा सगळा प्रवासच त्या साध्या गावकऱ्यांसाठी चाललाय, त्यांनाच असं मागे ठेवावं याचं मला चेहऱ्याइतकंच वाईट वाटलं. यावर लोक फारसे बोलत नाहीत. बोलायला हवं.

आता संगीत. इथे मी मधोमध उभी आहे. नोबुओ उएमात्सु, मासाशी हामाउझु आणि जून्या नाकानो या तिघांनी मूळ संगीत केलं होतं. रिमास्टरमध्ये त्यातल्या बऱ्याच धुना नव्याने बांधल्या. काही सुंदर झाल्यात. बेटांवरचं, पाण्याकाठचं संगीत आता मोकळा श्वास घेतं. पण साध्या लढाईची धून मला मऊ वाटते. दर दोन मिनिटांनी जी वाजणार आहे तिच्यात धार हवी. खेळाडूंनी यावर इतका आरडाओरडा केला की २०१५ मध्ये पीएसफोरवर गेम आला तेव्हा जुनं की नवं संगीत हे निवडायची सोय दिली. पुढच्या वर्षी पीसीवर आला, तिथेही ती आहे. म्हणजे तुझ्याकडे आहेच. आधी सेटिंगमध्ये जा आणि जुनं संगीत लाव. मग बेसेडच्या देवळाबाहेर नुसती दोन मिनिटं उभी राहा. निम्मा परकेपणा तिथेच जाईल, पैज लावते.

चेहऱ्यांसाठी अशी सोय दिली असती तर ही भांडणं उरलीच नसती. आणि जपानी आवाजांसाठीसुद्धा. या मालिकेतला बोलका असा हा पहिलाच गेम. इंग्रजी आवाज देणाऱ्यांना प्रत्येक वाक्य जपानी वाक्याच्या वेळेत बसवावं लागलं होतं, म्हणून युना कुठे घाईघाईने बोलते, कुठे मधेच थांबते. हा दोष मुळातला. तो झाकायची चांगली संधी होती, पण इंग्रजी आवृत्तीत जपानी आवाज निवडताच येत नाहीत.

तू मला ‘टर्बो’बद्दलही विचारलंयस. पीसीवर दुप्पट-चौपट वेग आहे, लढाया बंद करायची सोय आहे, आपोआप लढायचीही आहे. बरेच जण खूश आहेत, दिवसभर नोकरी करून खेळणाऱ्यांना त्याचा आधारच आहे. मीही वीज चुकवायच्या मैदानाकडे जायच्या वाटेवर वेग वाढवला. (विजा सलग दोनशे चुकवायच्या आहेत, अजूनही, कुणालाही सूट नाही. टोळीतल्या लुलूचं शस्त्र हवं असेल तर मनगट तयार ठेव.) पण लढाया चौपट वेगाने उरकू नकोस. या गेमची लढाई विचार करायला थांबते. उजवीकडे कुणाची पाळी कधी ते दिसतं, मधेच माणूस बदलता येतो, शत्रूला एक पाळी मागे ढकलता येतं. ते सगळं सावकाश बघण्यातच मजा आहे आणि त्याला पंचवीस वर्षांनंतरही काही जुनाट झालेलं नाही. या बाबतीत तरी सगळ्या मतांचे खेळाडू एकमेकांशी सहमत सापडतील. ब्लिट्झबॉल या गेममधल्या पाण्यातल्या चेंडूच्या खेळाबद्दल मात्र नाही. त्यावर भांडण चालूच राहणार.

बेसेडनंतर लगेच किलिका येतं, आणि तू त्याच्या अलीकडेच थांबलीस याचीच मला जास्त हळहळ वाटते. सिनने बंदर उद्ध्वस्त केलंय. प्रेतं पाण्यात ठेवलीत. युना अनवाणी पाण्यावर चालत जाते आणि नाचू लागते, पलित्यांच्या ज्वाळा निळ्या होतात, पाणी तिला उचलून वर नेतं, आणि मेलेल्यांचे जीव प्रकाशाचे धागे होऊन निघून जातात. काठावर लोक रडतायत. टिडस म्हणतो, हे पुन्हा कधी व्हायला नको. नाच संपल्यावर युना येते आणि लहान मुलीसारखी विचारते, मला जमलं ना? लुलू तिला जवळ घेते, छान झालं म्हणते, आणि सांगते की पुढच्या वेळी रडायचं नाही. दहनाच्या वेळी उभं राहिलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तो नाच आधीच चित्रित करून ठेवलेला आहे, त्याला नव्या मॉडेलांचा हात लागलेला नाही. मॅकलेनियाच्या तळ्यातला प्रसंगही तसाच. म्हणजे ज्या जागी आपण दोघी रडलो होतो त्यातल्या बऱ्याच जागा जशाच्या तशा आहेत.

चेहरा बदलला तर गोष्ट मरते का, याचं एक उदाहरण मला अलीकडे फार आवडलं. २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये टोकियोत याच गेमवर काबुकी, म्हणजे जपानचं पारंपरिक नाटक, झालं. प्रेक्षकांची बैठकच गोल फिरते अशा प्रेक्षागृहात, दोन भागांत, जवळजवळ दिवसभर चालणारं. टिडस झाले ओनोए किकुनोसुके. हेच २०१७ मध्ये टोकियोच्या काबुकी-झामध्ये महाभारतावरच्या काबुकीत कर्ण झाले होते! आईने सोडलेला एक मुलगा आणि दुसरा बापावर रागावलेला, दोघंही एकाच नटाच्या वाट्याला. आणि युनाची भूमिका पुरुष नटाने केली, जे बालगंधर्वांच्या मुलखातल्या आपल्याला नवलाचं वाटू नये. तिथे तर चेहरा पूर्ण वेगळा, रंग फासलेला, वय वेगळं. पण नट मानेने, हाताने, आवाजाने ते दुःख पोचवतो. म्हणून मला वाटतं, चिडलेल्या खेळाडूंना टिडस जुन्यासारखा दिसायला हवा होता हे वरवरचं झालं. त्यांना त्याचं दुःख दिसायला हवं होतं, आणि जिथे ते दिसलं नाही तिथे ते ओरडले. अशी तक्रार प्रेम असल्याशिवाय कुणी करत नाही.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. रिमास्टरसोबत ‘विल’ नावाची श्राव्य नाटिका दिलीय, याच गोष्टीच्या दुसऱ्या गेमनंतरच्या काळातली. युना आणि टिडसमध्ये त्यात जे होतं त्यावर बरेच जण भडकले, मीही त्यातलीच. ती निदान सगळं संपल्यावर ऐक. न ऐकलीस तरी काही अडत नाही.

तर आता असं कर. जुनं संगीत, सामान्य वेग, किलिकापर्यंत एक बैठक. मग लुका. तिथून पुढे तुला मी सांगायची गरज पडणार नाही. गॅगाझेट डोंगरावर सीमोरशी लढाईच्या आधी आणि झानारकँडमध्ये युनालेस्काशी लढाईच्या आधी वेगळी सेव्ह ठेव, आणि तिच्याशी लढताना झोंबीचा शाप घाईने काढू नकोस, नाहीतर एका वारात सगळे आडवे होतील आणि तो लांबलचक प्रसंग पुन्हा बघत बसावं लागेल. योजिम्बो या योद्ध्याला भाड्याने घेताना तो अडीच लाख गिल (गेममधले पैसे) मागेल. घासाघीस कर, तुझ्या आईची लेक आहेस. कितीला पटला ते मला कळव.

काकूंना नमस्कार सांग. दिवाळीत येणार असशील तर कंट्रोलर घेऊन ये, माझ्याकडे एकच आहे.

तुझीच,
केतकी