मीटर न लावता बदललेला कंट्रोलर: पैसे परत करा, बॅटरी बदलून द्या

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
गोल्फ कार्ट विभाग

विषय: सहा आसनी गोल्फ कार्ट चढावर बंद पडणे, विनाकारण बदललेल्या कंट्रोलरचे पैसे परत मिळणे व वॉरंटीतील बॅटरी बदलून मिळणे याबाबत.

महोदय,

रावेरहून पालकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, माझे छोटे कृषी पर्यटन केंद्र आहे. हिवाळ्यात जळगाव, भुसावळ, बऱ्हाणपूरकडची मंडळी भरीत-पार्टीला येतात. गेटपासून केळीच्या बागेतून वरच्या विहिरीपर्यंत वयस्कर माणसांना नेण्यासाठी दसऱ्याच्या मुहूर्तावर तुमची ४८ व्होल्टची गाडी घेतली. ती मी आणि माझा मुलगा चालवतो.

ऐन हंगामात गाडी दगा देऊ लागली. सपाटीवर ठीक चालायची. माणसे बसवून विहिरीच्या चढाला लागली की दम तोडायची आणि मध्येच थांबायची. पेडल दाबले की सीटखाली सोलेनॉइडचा, म्हणजे बॅटरीचा करंट पुढे जोडणाऱ्या मोठ्या स्विचचा, 'टक' असा आवाज यायचा, पण चाक हलायचे नाही. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा चालू. सत्तरीच्या आजीबाईंना भर उन्हात उतरवून पाहुण्यांकडून गाडी ढकलून घेणे यजमानाला किती शोभते, ते तुम्हीच ठरवा.

फोनवर तुमच्या माणसाचे एकच पालुपद: चावी बंद करून चालू करा. पुढे तुमचा इंजिनिअर आला. "तुमच्याकडे लाइटचा भरवसा नसतो, चार्जिंग अर्धवट होत असेल," हे त्याचे पहिले वाक्य. शेतीच्या लाइटचे म्हणाल तर खरे आहे, पण गाडी घरच्या मीटरवर रात्रभर चार्ज होते आणि सकाळी चार्जरचा हिरवा दिवा लागलेला असतो. ते त्याने ऐकून घेतले आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा भाग, गेला असे जाहीर केले. व्होल्टेज मोजायचा मीटर त्याच्या बॅगेत होता, तो शेवटपर्यंत बाहेर निघाला नाही. नवीन कंट्रोलर बसला, जुना तो घेऊन गेला, आणि येण्याजाण्याच्या खर्चासह ३८,००० रुपयांचे बिल हातात पडले. कंट्रोलर वॉरंटीत का बसत नाही, असे विचारले तर 'बाहेरच्या व्होल्टेजमुळे बिघाड' असा शेरा त्याने स्वतःच बिलावर लिहून ठेवला होता.

दुसऱ्याच रविवारी गाडी त्याच चढावर, त्याच झाडाजवळ थांबली.

मग मी सावद्याच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावले. गोल्फ कार्ट त्याने पहिल्यांदाच पाहिली, पण कामाला लागला तो क्रमाने. आधी टो-रन स्विच (गाडी ओढून न्यायची की चालवायची ते ठरवणारा), पुढे-मागेचा स्विच, पेडलखालचा मायक्रोस्विच. सगळे ठीक. पेडल दाबून सोलेनॉइडच्या दोन्ही जाड नटांवर मीटर धरला, तिथे व्होल्टेज जवळपास शून्य. म्हणजे आतले पॉइंट नीट जुळतात, करंट पुढे जातो. गाडी फिरवून आणल्यावर प्रत्येक लगला, म्हणजे केबलच्या टोकाच्या जोडाला, हात लावून पाहिला. जोड सैल असता तर तो तापला असता. एकही गरम नव्हता.

उभ्या गाडीत सहा बॅटऱ्यांचे मिळून ५०.५ व्होल्ट भरले. कागदावर तब्येत ठणठणीत. खरी गोष्ट वजन पडल्यावर कळली. चार माणसे बसवून गाडी चढाला घातली आणि मीटरच्या चिमट्या पाळीपाळीने एकेका बॅटरीला लावल्या. पाच बॅटऱ्या ७.५ व्होल्टच्या आसपास टिकून राहिल्या. चौथीचा आकडा बघता बघता ३.४ वर आला. "कंट्रोलरले काही नही झायेल, भो. चार नंबरची बसेल हाये," तो म्हणाला. नंतर पूर्ण चार्जिंग करून ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर लावला. त्या बॅटरीच्या तीन सेलमध्ये ॲसिडची घनता १.२७० च्या जवळ, चौथ्यात १.१३०.

सहाही बॅटऱ्या एकीमागे एक जोडलेल्या आहेत. सगळ्यांतून तोच करंट जातो. एक बसली की एकूण व्होल्टेज खाली येते. वरचे आकडे जोडले तर बेरीज ४१ च्या आतच भरते, आणि ४२ च्या खाली कंट्रोलर मोटर बंद करतो असे तुमच्याच मॅन्युअलमध्ये छापले आहे. म्हणजे जुना कंट्रोलर आपले काम चोख करत होता. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यातला हा प्रकार झाला, आणि तोही रोग्याच्या खर्चाने.

हे सगळे आकडे फोटोंसह पाठवल्यावर तुमचे उत्तर आले: 'पाणी वेळेवर न टाकल्याने बॅटरी खराब, वॉरंटी लागू नाही.' कोणी येऊन पाहिले? पाण्याची हयगय झाली असती तर सहाही बॅटऱ्यांची पातळी खाली दिसली असती. फोटोत चोवीसही सेलमध्ये प्लेटांच्या वर सारखे पाणी आहे. पाणी सगळीकडे सारखे आणि घनता एकाच सेलची पडलेली, तर दोष त्या सेलच्या आतला आहे. तो आमच्या हाताने होत नसतो.

तेव्हा मागणी अशी. चौथी बॅटरी दीड वर्षाच्या वॉरंटीत मोफत बदलून द्यावी. कंट्रोलरचे ३८,००० रुपये परत करावेत आणि हवा तर तुमचा नवा कंट्रोलर काढून न्यावा. पण माझा जुना आधी आणून बसवा. तो खराब होता असेच तुमचे म्हणणे असेल तर कुठे, कोणत्या तपासणीत, काय निघाले ते लेखी द्या. यापुढे येणाऱ्याने मीटर आणि हायड्रोमीटर घेऊन यावे आणि वजन टाकून घेतलेली मापे माझ्यासमोर कागदावर लिहावीत. बॅटरीचे काम लवकर करा. तसेच गाडी ओढत राहिलो तर तो सेल उलटा चार्ज होऊन पार निकामी होईल, आणि मग जळगावच्या उन्हाळ्याचे निमित्त तुम्हाला आयतेच मिळेल.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. गाडी धंद्यासाठी घेतली म्हणून मी ग्राहक नाही, हा मुद्दा तुमचे वकील काढतील म्हणून आताच सांगतो: स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या कायद्यात व्यापारी हेतूची धरत नाहीत. आणि तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी मला तुमच्या मुख्यालयाच्या गावी यावे लागणार नाही.

सोबत: खरेदीची पावती, वॉरंटी कार्ड, कंट्रोलरचे बिल, मीटर व हायड्रोमीटरच्या मापांचे फोटो.

आपला,
कृषी पर्यटन केंद्र चालक,
ता. रावेर, जि. जळगाव