माचाची रवी: भिजवून वापरावी, वाळवून ठेवावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत जपानी माचा, म्हणजे हिरव्या चहाची बारीक पूड, मुंबई-पुण्याच्या कॅफेंतून घराघरांत पोहोचली आहे आणि माचाच्या डब्यासोबत बांबूची एक छोटी रवीही आली आहे. जपानीत तिला चासेन म्हणतात. माचाचे गुण आणि त्याची किंमत यांची चर्चा पुष्कळ होते; परंतु ज्या वस्तूने तो घोटायचा, तिच्याविषयी विकणारेही फारसे सांगत नाहीत. त्यामुळे चांगल्या रव्यांच्या काड्या महिन्याभरात मोडतात, नाहीतर त्यांना बुरशी येते. माझ्या ओळखीच्या घरांत मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की त्यामागचे कारण स्पष्टपणे मांडावेसे वाटले. ही रवी ओली असायला हवी तेव्हा आपण ती कोरडी वापरतो आणि कोरडी व्हायला हवी तेव्हा ती ओलीच बंद करून ठेवतो.

पतीच्या नोकरीनिमित्त आम्ही काही वर्षे ओसाकाला होतो. तेथून जवळच नारा प्रांतात इकोमा शहराच्या हद्दीत ताकायामा हे गाव आहे. तेथे सुमारे पाचशे वर्षे चासेन घडवल्या जातात आणि जपानमध्ये तयार होणाऱ्या चासेनपैकी सुमारे ९० टक्के याच गावच्या असतात. १९७५ मध्ये जपान सरकारने या कामाला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. ऐन थंडीत तेथे गेल्यास कापणी झालेल्या भातखाचरांत बांबूच्या मोळ्या शंकूसारख्या उभ्या करून वाळत घातलेल्या दिसतात. साधारण तीन वर्षांचा बांबू तोडून, उकळून त्यातले तेल काढतात, थंडीच्या उन्हात वाळवतात आणि मग बराच काळ मुरू देतात.

पुढचे काम पाहताना माझी नजर कारागिराच्या हातांवरून हलली नाही. बांबूच्या एका तुकड्याची वरची साल काढून त्याचे टोक १६ भागांत चिरतात आणि प्रत्येक भागाच्या पुन्हा दहा काड्या करतात. अशा १६० काड्यांपैकी एक आड एक अशा ८० बाहेर राहतात व ८० आत वळवतात. म्हणून तिला ८० काड्यांची चासेन म्हणायचे. नंतर टोक गरम पाण्यात भिजवून प्रत्येक काडी शेंड्याकडे तासत तासत कागदासारखी पातळ करतात. या टप्प्याला ‘आजीकेझुरी’ असे नाव आहे, आणि त्यातल्या ‘आजी’चा अर्थ चव असा आहे. चहाची चव या तासण्यावर ठरते, असे तिथले कारागीर मानतात. शेवटी दोऱ्याने काड्यांचे आतले व बाहेरचे कडे वेगळे राखतात. खिळा नाही, डिंक नाही. बांबूचा एक तुकडा आणि दोरा, एवढेच. आपल्याकडचे बुरूडही विणण्यापूर्वी बांबूच्या पट्ट्या भिजवून घेतात, कारण कोरडा बांबू वाकवला तर तडकतो. चासेनच्या बाबतीतही तोच नियम लागू होतो.

निवड करताना काड्यांची संख्या पाहावी. पातळ चहाला, म्हणजे उसुच्याला, ८० किंवा १०० काड्यांची रवी सोयीची. दाट कोइच्यासाठी कमी आणि जाड काड्यांची लागते. बांबूचे प्रकारही परंपरेनुसार बदलतात. जपानी चहाविधीच्या उरासेन्के घराण्यात पांढऱ्या बांबूची चासेन वापरतात, तर ओमोतेसेन्के घराण्यात सुसुदाकेची. सुसुदाके म्हणजे जुन्या गवताच्छादित घरांच्या छतात चुलीच्या धुराने वर्षानुवर्षे काळवंडलेला बांबू. तो आता दुर्मीळ असल्याने महागही असतो आणि नवशिक्याला त्याची गरज नाही. वरून पाहिल्यावर काड्यांमधले अंतर सारखे दिसावे आणि मुठीला चीर नसावी. नव्या रवीच्या काड्यांचे शेंडे आत वळलेले असतात आणि मधल्या काड्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. तो दोष नव्हे, पहिल्या वापरात त्या मोकळ्या होतात.

वापरण्यापूर्वी काड्या मिनिटभर कोमट पाण्यात बुडवून ठेवाव्यात. एवढ्याने त्या लवचीक होतात. रुंद तळाच्या वाडग्यात साधारण दोन ग्रॅम माचा चाळून घ्यावा आणि त्यावर ७० ते ८० अंश तापमानाचे ६०-७० मिलिलिटर पाणी घालावे. यानंतरची चूक आपल्या सवयीतून होते. ताकाची रवी आपण दोन तळव्यांमध्ये फिरवतो, म्हणून चासेनही गोल फिरवून तळाशी दाबली जाते आणि शेंडे तुटतात. ती उभी धरून, केवळ मनगटाच्या हालचालीने, शेंडे तळाला जेमतेम लागतील अशी पुढे-मागे वेगाने चालवायची असते. पृष्ठभागावर बारीक फेस आला की वेग कमी करून ती मधोमध उचलावी. भरपूर फेस आलाच पाहिजे असेही नाही. ओमोतेसेन्के पद्धतीत तो मुद्दाम कमी ठेवतात.

वापर झाल्यावर ती लगेच कोमट पाण्यात हलवून धुवावी. साबण, घासणी आणि भांडी धुण्याचे यंत्र तिच्यासाठी नाही, कारण बांबू साबणाचा वास शोषून घेतो. पाणी पुरते झटकून ती कुसेनाओशीवर ठेवावी. हा चिनीमातीचा छोटा ठोकळा काड्यांचा आकार टिकवतो. ‘कुसे’ म्हणजे खोड आणि ‘नाओशी’ म्हणजे ती सुधारणे. पण कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर एवढ्याने भागत नाही. ज्या प्लास्टिकच्या डबीत रवी येते ती प्रवासापुरती असते, तरी बहुतेक जण धुतलेली रवी पुन्हा तिच्यातच बंद करतात. ठाण्याच्या घरात पहिल्या पावसाळ्यात माझी एक रवी अशीच गेली. आतल्या काड्यांच्या मुळाशी काळे ठिपके आले आणि ती टाकून द्यावी लागली. आता पावसाळ्यात मी तिला ठोकळ्यावर ठेवून रात्रभर पंख्याच्या वाऱ्यात वाळवते आणि पुढेही उघड्यावरच ठेवते. कडक उन्हात मात्र कधी ठेवत नाही, कारण मूठ तडकते. बुरशी एकदा आत शिरली की घासून ती जात नाही, आणि असली रवी चहात घालणे धोक्याचे आहे. काड्या झिजून तुटू लागल्या की तिचे आयुष्य संपले असे समजावे. जपानमध्ये अशा जुन्या चासेनसाठी ‘चासेन कुयो’ नावाचा विधी करून त्यांचे ऋण मानतात.

आपल्या पत्रामार्फत विक्रेत्यांना माझी विनंती आहे की, रवी कोठे घडली, बांबू कोणता आणि काड्या किती, हे त्यांनी वेष्टनावर लिहावे. बाजारातल्या अनेक स्वस्त रव्या चीनमध्ये बनतात आणि त्यात वावगे काही नाही. मात्र ताकायामाचे नाव लावून त्या विकल्या जाऊ नयेत. सोबत मराठीत चार ओळींची सूचना द्यावी, आणि प्लास्टिकची डबी साठवणुकीसाठी नाही हे तिच्या झाकणावरच छापावे.

आपली नम्र,
एक वाचक, ठाणे