रेवदंड्याच्या कोटाची मोजणी : मदतीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

रेवदंड्याचा कोट पोर्तुगीजांनी बांधला, एवढं गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण तो एका दमात उभा राहिलेला नाही. पोर्तुगीजांनी इथे १५१६ मध्ये वखार घातली आणि १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने किल्ल्याचं काम सुरू केलं. तो किल्ला लहान होता. बाहेरच्या वस्तीला तट नव्हता, म्हणून १५७०-७१ च्या निजामशाही वेढ्यात घरांच्या आणि मठांच्या आडोशाने लढाई झाली. वस्तीला वळसा घालणारा तट त्यानंतरचा. १७४० मध्ये कोट मराठ्यांच्या ताब्यात आला.

मग आज आपल्या वाड्यांमागे उभी असलेली कुठली भिंत कोणत्या काळातली? चुन्यात अडकलेल्या कोळशाची प्रयोगशाळेत चाचणी करता येते, पण तिच्यातून पन्नास वर्षांचा फरक कळणं कठीण. आधीची भिंत कोणती आणि नंतरची कोणती, हे कळतं सांध्यावरून. दोन भिंतींचे दगड एकमेकांत गुंतलेले असतील, तर त्या एकाच वेळी उठल्या. उभी सरळ फट असेल, तर एक भिंत दुसरीला नंतर येऊन टेकलेली आहे. बुरूज गोल की तोफांसाठी कोन काढलेला, चुन्यात वाळू किती, खडा किती, दार नंतर बुजवलंय का, असं एकेक पाहत गेलं की कोटाचा क्रम उलगडतो. फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा, म्हणजे आपला सातखणी, तटाच्या आधीचा की नंतरचा, हेही असंच पाहावं लागेल.

म्हणून हात जोडून सांगतो, पडक्या भागाला सिमेंट थापू नका. सिमेंटखाली सांधा कायमचा झाकला जातो. शिवाय ओल आतच कोंडते आणि खाऱ्या हवेत जुना चुना भुसभुशीत होतो. वाडीच्या गडग्यासाठी कोटाचा चिराही उचलू नका.

आम्हा ग्रामस्थांना तटाची, बुरुजांची आणि दरवाजांची पुरी मोजणी करून नकाशा करायचा आहे. जाणकार वास्तुतज्ज्ञांची फी, मोजणीच्या यंत्राचं भाडं आणि छायाचित्रं यासाठी पैसे लागतील. जमेल तेवढे द्या, पावती जरूर घ्या. मुंबईकर चाकरमान्यांनी घरातले जुने फोटो शोधावेत. लग्नाच्या फोटोत मागे दिसणारा तटही आम्हाला हवा आहे, कारण तेव्हा तो किती उंच होता हे त्यातून कळेल. वाडीतून जायला वाट देणं हीसुद्धा मोठी मदत आहे.

दिवाळीनंतर, गवत वाळलं की कामाला लागू. पुरातत्त्व खात्याची परवानगी असल्याशिवाय एकही दगड हलवायचा नाही. तटात शिरलेली वड-पिंपळाची मुळंही कुणी ओढू नयेत, त्यांच्याबरोबर दगड सुटून येतात. येताना टोपी, पाणी आणि पायात बूट असू द्या. कोयता घरीच ठेवा.

आपले,
कोटातले ग्रामस्थ, रेवदंडा