अ‍ॅसिडच्या बाटलीवर नाव लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी अनगोळची. गेली चौदा वर्षं बेळगावात साफसफाईचं काम करते. आधी एका कंत्राटदाराकडे होते, तीन वर्षांपूर्वी स्वतःचं काम सुरू केलं. आज माझ्यासोबत अनगोळ, वडगाव आणि येळ्ळूरच्या आठ बायका आहेत. ऑफिसं, दवाखाने, मंगल कार्यालयं, नव्या घरांची पहिली सफाई, अशी आमची कामं.

गेल्या आठवड्यात उद्यमबागेतल्या एका ऑफिसात आम्ही पहिल्यांदाच गेलो. आधीच्या माणसांनी संडासाच्या खिडकीत एक लिटरची पाण्याची बाटली ठेवली होती. आत पाण्यासारखंच पातळ काहीतरी, वर नाव नाही, टोपण सैल. उन्हातून आलेल्या वॉचमन मामांनी ती उचलली आणि टोपण फिरवलं. आमच्यातली एकजण ओरडली, “मामा, पाणी न्हवं ते, अ‍ॅसिड हाय!” त्यांच्या हातातून बाटली खाली पडली आणि फरशीवर फेस आला. मामांचे हात कितीतरी वेळ थरथरत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

मला स्वतःला अशा बाटलीनं काय केलं तेही सांगते. मे २०२२. लग्नसराईचे दिवस. एका मंगल कार्यालयात सकाळचं लग्न आटोपून दुपारच्या लग्नाआधी सगळं धुऊन द्यायचं होतं. बोअरच्या पाण्यानं संडासात पिवळा थर धरतो, तो अ‍ॅसिडशिवाय निघत नाही. माझ्याआधी दुसरी बाई तिथे ब्लीच ओतून, थोडा वेळ मुरू दे म्हणून पुढच्या खोलीत गेली होती. मला ते ठाऊक नव्हतं. तिची बाटली आणि माझी बाटली, दोन्ही पाण्याच्याच. मी उकिडवी बसून अ‍ॅसिड ओतलं. फसफसून आलं, हिरवट-पिवळा धूर उठला. नळाच्या पाण्याला कधीमधी येतो तोच वास, पण असा की घशात मिरची पेटल्यासारखं झालं. पाहुण्यांची ये-जा म्हणून दार लावून घेतलं होतं. पदर नाकाला लावला, काही उपयोग झाला नाही. कडी सापडेपर्यंत डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड, खाली बसतो. उभ्या माणसाला जेवढा लागतो त्याहून जास्त फरशी घासायला बसलेल्या बाईला लागतो. पदर, रुमाल, कोरोनातला निळा मास्क, यातलं काहीही तो अडवत नाही. हे मला त्या दिवसानंतर कळलं. दहा वर्षं त्याच दोन बाटल्या हाताळत होते, पण कुणी सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “नाकात काय गेलंय?” सोबतच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली फिनेल, दुसरी म्हणाली संडास धुवायचं आर-सिक्स. सुपरवायझरला फोन लावला तर त्यालाही सांगता येईना, कारण पाच लिटरचे कॅन गोडाऊनला आणि आमच्याकडे फक्त ओतून दिलेलं. दोन दिवस ऑक्सिजनवर होते. घरी आल्यावर नऊ दिवस जिना चढताना दम लागायचा.

त्या अकरा दिवसांचा पगार कापला गेला. माझ्या बारा हजारांच्या पगारातून ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे म्हणून महिन्याला ९० रुपये कापले जात होते. मालकानं आपले ३९० घालायचे असतात. कामावर इजा झाली तर घरी बसलेल्या दिवसांसाठी पगाराच्या ९० टक्के रक्कम ईएसआयकडून मिळते. पण मला नंबरच दिलेला नव्हता, त्यामुळे कुठे जाऊन काय मागायचं हेच समजलं नाही. ज्या भगिनींच्या पगारातून असे पैसे कापले जातात त्यांनी आजच्या आज मालकाकडून आपला विमा नंबर लिहून घ्यावा. दहा किंवा जास्त माणसं आणि २१,००० पर्यंत पगार असेल तिथे हा हक्क आहे. माझ्याकडे दहाजणी नाहीत. म्हणून मी सगळ्यांचा बँकेतून वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढला आहे. तो अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच २ लाखांपर्यंत देतो, दवाखान्याच्या बिलाला तो चालत नाही, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे.

आता आमच्याकडे अ‍ॅसिडच्या कॅनला लाल चिकटपट्टी आणि ब्लीचच्या कॅनला निळी. दोन्ही एका बादलीत ठेवायचे नाहीत. ज्या संडासात निळं पडलं तिथे त्या दिवशी लाल न्यायचंच नाही. दार उघडं, पंखा चालू, गरज पडली तर बाहेर एकजण उभी राहील पण कडी लावायची नाही. पाण्याच्या बाटलीत काहीही ओतून ठेवलेलं दिसलं तर त्या दिवशीचं काम मी थांबवते. पट्टीवर मराठीत आणि कन्नडमध्ये नाव लिहितो, कारण आमच्यात दोघी कन्नड शाळेत शिकल्या आहेत आणि एकीला वाचताच येत नाही, ती रंग ओळखते. आपल्या सीमाभागात पाटीवरून काय काय झालं ते आपण सगळे जाणतो. पण अ‍ॅसिडच्या कॅनवर ते हाताळणाऱ्या बाईला कळेल असं लिहावं, यावर कुणाचंच दुमत नसावं. कंपनीच्या कॅनवर बारीक इंग्रजी असतं, तेही ओल्या हातानं पुसून जातं.

हातमोज्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण लोकांना वाटतं मोजे दिले की झालं. बाजारात घाऊक मिळतात ते बहुतेक पुरुषी मापाचे. बोटांची टोकं रिकामी राहतात, ब्रश निसटतो, मग बाई मोजे काढून ठेवते आणि लोक म्हणतात यांनाच सवय नाही. काचेच्या बांगड्यांनी मनगटाशी मोजा फाटतो, म्हणून आम्ही बांगड्यांवर आधी सुती कापडाची पट्टी गुंडाळतो. भिंतीवरच्या टाइल्स घासताना हात वर जातो आणि पाणी ओघळून मोज्याच्या आत शिरतं. आत शिरलेलं अ‍ॅसिड दिवसभर कातडीवर बसून राहतं. त्यासाठी मोज्याची कड बाहेरून दोन बोटं दुमडायची, ओघळ तिथेच अडतो. पावसाळ्यात घामानं आणि पाण्यानं बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तेव्हा दुपारी मोजे उलटे करून वाळवायला अर्धा तास द्यावा लागतो. तो अर्धा तास आम्ही हिशेबात धरतो.

आणि इथेच गिऱ्हाइकाशी वाजतं. दर चौरस फुटावर ठरतो. पन्नास पैसे कमी करा, म्हणतात. ते कमी झाले की सगळ्यात आधी मोजे जातात, मग दुसरी बाई जाते, मग उरलेली एकटी दार लावून दोन बाटल्या घेऊन बसते.

“मावशी, सेफ्टी टाकीत पण जरा बघा की,” असंही सहज सांगितलं जातं. आम्ही उतरत नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि तिथे मृत्यू झाला तर ३० लाख भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. मशीन बोलवा. ओल्या फरशीवर जोड दिलेली वायर घेऊन घासायचं मशीनही आम्ही चालवत नाही.

माझी विनंती मंगल कार्यालयांच्या मालकांना, ऑफिसांच्या मॅनेजरांना आणि दवाखान्यांना आहे. पुढच्या लग्नसराईच्या आत एकदा स्वतः आपल्या संडासाची खिडकी, जिन्याखालची जागा आणि बादल्यांचा कोपरा बघा. पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत काही ओतलेलं दिसलं तर हुंगू नका, कंत्राटदाराला बोलावून त्याच्याकडून नाव लिहून घ्या. डोळ्यात किंवा अंगावर उडालं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या नळाखाली धुवायचं असतं, म्हणून जवळचा नळ चालू आहे ना तेही पाहा. आणि कॅनवरच्या कागदाचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये ठेवा. दवाखान्यात कुणी विचारलं तर दाखवता येईल.

आपली,
एक सफाई कामगार, अनगोळ, बेळगाव
(कृपया नाव छापू नये.)