विश्वकोश मुलांपर्यंत पोहोचवा

मोबाइलमुळे वाचन संपले, ही ओरड मला पटत नाही. मुले दिवसभर वाचतातच; पण दोन ओळी झाल्या की बोट पडदा वर सरकवते. लांब मजकूर पुरा करण्याची सवय मोडते आहे, ही खरी काळजी.

वाईत आकाराला आलेला मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. आमच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीला ‘भूकंप’ ही नोंद उघडून दिली. तिने ती शेवटपर्यंत वाचली, वहीत टिपणे काढली. असे काही आहे हेच तिला ठाऊक नव्हते! १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी भाषणे कमी करून ग्रंथपालांनी मुलांना अशा नोंदी शोधायला शिकवावे. गावोगावच्या वाचनालयांत त्यासाठी निदान एक चालू संगणक आणि इंटरनेट हवे.

– एक वाचक, सातारा