शिवसागरात मदतीला आलेल्या होडीवाल्या काकांचे आभार

गेल्या रविवारी बामणोलीहून वासोट्याच्या बाजूला निघालेली आमची छोटी बोट एका निवांत खाडीत शिरताना अडकली. इंजिन जोरात ओरडत होतं, बोट मात्र जागची हलेना. पंख्यात नायलॉनचं मासेमारीचं जाळं गुंतून शिअर पिन (पंखा दांड्याला जोडणारी, धक्का बसला की आधी स्वतः तुटून गिअर वाचवणारी छोटी पिन) तुटली होती. पाणी उतरलं की कोयनेच्या या शिवसागर जलाशयात बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात, आणि वारा आम्हाला तिकडेच ढकलत होता.

लांबून पाहून एक काका वल्हं मारत आले. पहिलं वाक्य, "आधी नांगर टाका, दोर खोलीच्या पाचपट सोडा." मग किल्ली काढायला लावली, इंजिन वर उचललं आणि पंख्याखाली स्वतःचा टॉवेल धरायला सांगितला, म्हणजे नट-पिन पाण्यात जाणार नाही. (आम्हाला हे सुचलंच नसतं.) जाळं सरसकट कापलं नाही, पंखा हाताने उलटा फिरवत सोडवलं, फक्त दोन ठिकाणी कापलं. "कुणाचं तरी पोट आहे ते." पंख्यामागे दांड्यावर गुंडाळलेला धागाही बारकाईने काढला, तो राहिला तर सील कापून गिअरच्या तेलात पाणी जातं.

तुटलेल्या पिनच्या जागी आम्ही खिळा ठोकायला निघालो होतो. त्यांनी अडवलं: पिन मऊच हवी, नाहीतर पुढच्या धक्क्याला गिअर तुटेल. स्वतःच्या डब्यातली पितळी पिन बसवून दिली, बामणोलीच्या धक्क्यापर्यंत सोबत आले. पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही. काका, मनापासून आभार. दोन पिना तुमच्यासाठी आणून ठेवल्या आहेत.