मकातीतल्या आतेला

प्रिय आते,

तुमच्याकडे फिलिपिन्समध्ये थोरल्या बहिणीला ‘आते’ म्हणतात, आमच्याकडे वडिलांच्या बहिणीला. तू तर वयाने माझ्या लेकीएवढी. पण त्या दिवसापासून माझ्या तोंडी आतेच बसलंय, आणि आत्याला अगंतुगं करायची आमची रीत, म्हणून हे पत्रही तसंच. लेक तुला वाचून दाखवील, तिच्या इमारतीच्या दारावर तुझी पाळी असेल तेव्हा.

सकाळी साडेसहाला येणारा गाइड साडेसातपर्यंत आला नव्हता. पैसे आगाऊ घेतलेले, फोन बंद. फॉर्मवर ‘शाकाहारी’पुढे मी आठवणीने खूण केली होती, माणूसच आला नाही तर खूण काय चाटायची! टूर कंपनीच्या बाईंनी फोनवर तीनदा ‘सॉरी मॅम’ म्हटलं. पैसे अजून परत येताहेत. लेक ऑफिसात, मी खाली सोफ्यावर पर्स धरून बसलेले. रात्रपाळी संपवून, गणवेश पिशवीत कोंबून तू निघालीस, दारातून परत फिरलीस आणि म्हणालीस, मी घरीच चाललेय, पोब्लासिऑनला, चला.

आयाला अ‍ॅव्हेन्यूवर तू पाय आपटून सांगितलंस, इथे विमानं उतरायची. मला थट्टा वाटली. पण खरंच, 1937 सालच्या निल्सन विमानतळाच्या धावपट्ट्यांचे पुढे आयाला आणि पासेओ दे रोहास हे रस्ते झाले. कंट्रोल टॉवर अजून झाडांत उभा आहे, आता त्यात लोक जेवतात. चौकात निनॉय अक्विनोंचा, तुमच्या त्या विरोधी पक्षनेत्याचा पुतळा. 1983 मध्ये त्यांची हत्या झाली, तेव्हा याच काचेच्या ऑफिसांतून बाबू लोकांनी टेलिफोन डिरेक्टरीची पिवळी पानं फाडून खाली मोर्चावर उधळली होती. बँकेत तीस वर्षं काढलेल्या मला ही गोष्ट फार भावली. आम्ही आपल्या काळ्या फिती लावायचो, आणि त्याही जेवणाच्या सुट्टीत.

मग तो ताहोवाला आला. खांद्यावर कावडीसारखी दांडी, दोन टोकांना अ‍ॅल्युमिनियमचे डबे. गरम मऊ सोयाबीनचा खरवसच म्हण, वर गुळासारखा पाक आणि साबुदाणा. तीन दिवस मी केळी आणि पावावर होते. कारण ‘व्हेज’ म्हटलं की भाजी यायची आणि भाजीत डुकराचे बारीक तुकडे. हे मी तुला सांगितलंही नव्हतं. मी पेला कसा चाटूनपुसून संपवला ते तू पाहिलंस. पिशवीतून हजेरीची वही काढलीस, मागचं पान फाडलंस आणि कट्ट्यावर बसून तागालोग भाषेत लिहायला लागलीस. मांस नको, मासे नकोत, कोळंबी नको. एवढ्यावर थांबली असतीस तरी खूप होतं. तू पेन तोंडात धरून विचार केलास आणि आणखी दोन शब्द लिहिलेस : पातिस, बागोओंग. माशाचं पाणी आणि कोळंबीची आंबवलेली चटणी. भाजीत न दिसणाऱ्या या गोष्टी मला ठाऊकच नव्हत्या, तर नको कशा म्हणणार? डोळे झोपेने लाल झालेले, आणि ही बाई माझ्या रस्स्यात काय काय लपू शकतं याचा विचार करतेय.

पुढचं थोडक्यात. जीपनीत, तुमच्या त्या लांबलचक जीपसारख्या बसमध्ये, माझं भाडं पाच अनोळखी हातांतून ड्रायव्हरकडे गेलं आणि सुटे पैसे त्याच हातांतून परत आले, एक नाणं कमी न होता. तुझं पोब्लासिऑन म्हणजे आमचं गावठाण. टॉवर एकदम संपतात आणि गल्ल्या सुरू होतात, दोरीवरचे कपडे, ओट्यावरच्या म्हाताऱ्या, 1620 सालचं सान पेद्रोचं चर्च, मागे पासिग नदी. तुला तिथे दर चार पावलांवर कुणी ना कुणी हाक मारत होतं. काचेच्या इमारतीत रोज तुझ्यासमोरून शेकडो लोक जातात, त्यांतल्या किती जणांना तुझं नाव माहीत असेल? मलाही तोवर नव्हतंच, हे कबूल करते.

पैसे तू घेतले नाहीस, नुसतं हसलीस. चिठ्ठी पाकिटात आहे, घड्यांवर फाटायला आली म्हणून चिकटपट्टी लावलीय. पुढचे नऊ दिवस मी तिच्यावर जेवले.

लेकीबरोबर चकल्यांचा डबा पाठवतेय. तिखट, मीठ, तीळ, ओवा. पातिस नाही.

तुझी,
डोंबिवलीची भाची